दूरस्थ आज्ञा व तिचे दोषनिदान

दूर अंतरावरील संगणकाकडून एखादे काम करवून घेण्यासाठी संदेशवहन मार्गाने पाठविलेल्या सूचनेस दूरस्थ आज्ञा म्हणतात. अशी आज्ञा निष्फळ ठरल्यास तिच्या वाटचालीतील नेमका कोणता टप्पा तुटला, हे क्रमाक्रमाने ठरविण्याच्या क्रियेस तिचे दोषनिदान म्हणतात. संगणकासमोर बसून दिलेली आज्ञा फसली, तर पडद्यावरील मजकूर, यंत्रावरील दिवे, पंख्याचा आवाज यांवरून कारणाचा काही अंदाज बांधता येतो. दूरस्थ आज्ञेच्या बाबतीत यांपैकी काहीच हाताशी नसते. जे काही कळते ते परत आलेल्या उत्तरावरून, आणि हे उत्तर बहुधा आज्ञा गेली त्याच मार्गाने येते. मार्गच सदोष असेल, तर ‘काम झाले नाही’ आणि ‘काम झाले, पण तसे कळले नाही’ या दोन अवस्था पाठविणाऱ्याला सारख्याच दिसतात. या विषयातील बहुतेक अडचणी व काही अपघातही या एकाच गोष्टीतून उद्भवतात.

बँका, रेल्वे आरक्षण, हवामान केंद्रे, विद्युत् निर्मिती व पूरनियंत्रण या क्षेत्रांत दूरस्थ आज्ञांचा वापर नित्याचा झाला आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासारख्या डोंगराळ व अतिवृष्टीच्या प्रदेशात तिचे महत्त्व विशेष आहे. कारण तेथील उपकरणे दुर्गम जागी असतात आणि त्यांची सर्वाधिक गरज ज्या दिवसांत भासते, नेमके त्याच दिवसांत तेथे जाणे सर्वांत कठीण असते.

इतिहास : दूरवरून गणकयंत्र चालविण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत झाला. जॉर्ज स्टिबिट्झ यांनी हॅनोव्हर येथील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत दूरमुद्रकावर गणिते टंकलिखित केली व न्यूयॉर्कमधील बेल प्रयोगशाळेच्या यंत्राने त्यांची उत्तरे तारमार्गाने परत पाठविली. संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या आर्पानेट या जालावरील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. दोन्ही टोकांची माणसे त्याच वेळी दूरध्वनीवरून बोलत होती, त्यामुळे कोणते अक्षर पोचले व कोणते नाही हे लगेच कळले. पलीकडील संगणक आज्ञेचा उरलेला भाग स्वतःच पूर्ण करून एकदम अनेक अक्षरे पाठवू पाहत होता व त्यासाठी राखलेली स्मृतीतील जागा अपुरी होती, असे आढळले. ही जागा वाढविल्यावर सु. तासाभराने पूर्ण शब्द सुखरूप पोचला. संगणकांच्या जालावरील पहिली दूरस्थ आज्ञा अशा रीतीने फसली आणि तिचे निदान एका स्वतंत्र, दुसऱ्या मार्गामुळे शक्य झाले.

युनिक्स प्रणालीच्या बर्कली येथे तयार झालेल्या व १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या आवृत्तीत दुसऱ्या संगणकावर एकच आज्ञा चालवून उत्तर घेण्याची सोय होती. तीत परवलीचे शब्द व मजकूर उघड स्वरूपात जात असत. हा दोष टाळण्यासाठी फिनलंडमधील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘सिक्युअर शेल’ ही गूढलिपीवर आधारलेली पद्धत तयार केली. आज दूरस्थ आज्ञांसाठी हीच सर्वाधिक वापरात आहे.

आज्ञेची वाटचाल : दूरस्थ आज्ञा सफल होण्यासाठी पुढील सात टप्पे ओलांडावे लागतात : (१) आज्ञा पाठविणाऱ्याच्या संगणकावर ती बरोबर लिहिली जाणे, (२) गंतव्य संगणकाचे नाव व पत्ता सापडून त्याच्यापर्यंत मार्ग मिळणे, (३) त्या संगणकावर आज्ञा ऐकणारी सेवा चालू असणे, (४) पाठविणाऱ्याची ओळख पटून त्यास प्रवेश मिळणे, (५) आज्ञेचा अर्थ लावला जाऊन ती चालविण्यास योग्य परिस्थिती तेथे असणे, (६) प्रत्यक्ष काम पार पडणे, (७) त्याचे उत्तर परत येणे. निदानाचे सारे कौशल्य शेवटचा सफल टप्पा कोणता हे ओळखण्यात आहे. ‘आज्ञा चालत नाही’ हे वाक्य या सातांपैकी कोणत्याही टप्प्याला लागू पडते व म्हणूनच ते निदानाला निरुपयोगी असते.

अपयशाची कारणे : मार्गातील दोष तीन प्रकारच्या उत्तरांवरून वेगळे करता येतात. नावाचा पत्ता सापडत नाही असे उत्तर आल्यास दोष नामसूचीत किंवा नावाच्या लेखनात असतो. जोडणी नाकारली गेल्यास नकार देणारा कोणीतरी तेथे आहे हे उघड होते. बहुधा मार्ग व यंत्र ठीक असून अपेक्षित सेवा बंद असते. काहीही उत्तर न येता ठरलेली मुदत संपल्यास यंत्र बंद आहे, मार्ग तुटला आहे किंवा वाटेतील संरक्षक यंत्रणा संदेश निमूटपणे टाकून देत आहे, असे समजावे. नकार हा या दृष्टीने मौनापेक्षा अधिक माहिती देतो. कधीकधी प्रवेश मिळतो, छोट्या आज्ञांची उत्तरेही येतात. पण मोठे उत्तर येऊ लागताच सर्व काही गोठते. संदेशाचे मोठे तुकडे मार्गातील एखाद्या दुव्यातून जाऊ शकत नाहीत व तशी सूचनाही मागे येत नाही, हे त्याचे एक कारण असते.

ओळख व अधिकार यांतील दोष पुढच्या टप्प्यावर आढळतात. किल्ली चुकीची असणे, किल्लीची फाइल इतरांनाही वाचता येण्याजोगी असल्याने संगणकाने ती नाकारणे, दोन्ही संगणकांच्या घड्याळांत मोठा फरक पडल्यामुळे मुदतबंद प्रमाणपत्र अवैध ठरणे, ही नेहमीची उदाहरणे होत. प्रवेश मिळूनही विशिष्ट फाइल लिहिण्याचा अधिकार त्या नावाला नसतो, असेही पुष्कळदा घडते.

समोर बसल्यावर चालणारी. पण दुरून दिल्यास फसणारी आज्ञा हा सर्वांत गोंधळात टाकणारा प्रकार होय. याचे मूळ बहुधा कार्यपरिस्थितीत असते. माणूस संगणकासमोर बसून प्रवेश करतो, तेव्हा त्याच्यासाठी अनेक गोष्टी आपोआप सिद्ध होतात : आज्ञावल्या कोणकोणत्या कप्प्यांत शोधावयाच्या त्या शोधमार्गांची यादी, भाषा व लिपी यांची निवड, चालू कप्पा इत्यादी. दुरून एकच आज्ञा पाठविली असता या तयारीचा काही भाग वगळला जातो. त्यामुळे अस्तित्वात असलेली आज्ञावलीही ‘सापडत नाही’. यावर उपाय म्हणजे आज्ञावलीचा व फाइलींचा संपूर्ण मार्ग लिहिणे. काही आज्ञावल्या मध्येच ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मागतात; दुरून चालविताना उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे त्या अनंत काळ थांबून राहतात. जोडणी तुटली की तिच्या आधाराने चाललेले कामही कित्येकदा अर्ध्यावर थांबते. दीर्घ काळ चालणारी कामे म्हणून जोडणीपासून स्वतंत्र ठेवावी लागतात.

लेखनातील दोषही येथेच उघड होतात. दूरस्थ आज्ञेचा अर्थ दोनदा लावला जातो, प्रथम पाठविणाऱ्याच्या व नंतर घेणाऱ्याच्या संगणकावर. अवतरणचिन्हे पहिल्या वाचनातच गळून पडतात. ‘सर्व फाइली’ या अर्थाच्या तारकाचिन्हाचा विस्तार कधी इकडच्या फाइलींवरून, तर कधी तिकडच्या फाइलींवरून होतो. पुसण्याच्या आज्ञेत हा भेद महाग पडतो. एका प्रणालीवर तयार केलेल्या फाइलीच्या ओळींच्या शेवटी असलेले अदृश्य चिन्ह दुसऱ्या प्रणालीला आज्ञेचाच भाग वाटते व वरवर निर्दोष दिसणारी आज्ञा नाकारली जाते. याखेरीज साठवण भरून जाणे, स्मृती अपुरी पडणे व आज्ञावलीच्या आवृत्तींत फरक असणे ही साधी कारणेही वारंवार आढळतात.

निदानाची पद्धत : प्रथम आलेले उत्तर शब्दशः वाचावे व उतरवून ठेवावे. युनिक्ससदृश प्रणालींत प्रत्येक आज्ञा संपताना एक समाप्तिअंक मागे ठेवते. शून्य म्हणजे सफल. १२७ म्हणजे आज्ञावली सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली. पण चालविता आली नाही. १३७ या अंकाचा अर्थ बहुधा आज्ञावली सक्तीने बंद केली गेली असा असतो. स्मृती संपल्यावर प्रणाली स्वतःच असे करते. सिक्युअर शेलने २५५ हा अंक दिल्यास सामान्यतः जोडणीच फसलेली असते. एका अंकावरून अशा प्रकारे निम्मे टप्पे बाद करता येतात.

दुसरी पायरी म्हणजे मार्ग दुभागणे. अंतिम आज्ञेऐवजी अत्यंत साधी, कोणताही बदल न घडविणारी आज्ञा पाठवावी, उदा., तेथील घड्याळाची वेळ विचारावी. उत्तर आल्यास पहिले चार टप्पे निर्दोष ठरतात. त्यानंतर तेथील कार्यपरिस्थिती कागदावर उतरवून ती प्रत्यक्ष समोर बसलेल्या माणसाच्या कार्यपरिस्थितीशी ओळीने ओळ ताडून पहावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केल्यास आज्ञा चालू लागते; परंतु कारण कळत नाही व दोष पुन्हा उद्भवतो. दोन्ही टोकांच्या नोंदी तपासणे आवश्यक असते, कारण पाठविणाऱ्याला दिलेले उत्तर सुरक्षेच्या दृष्टीने मुद्दाम त्रोटक ठेवलेले असते. खरे कारण घेणाऱ्याच्या नोंदीत असते.

निरुत्तर आज्ञा : उत्तर न आल्यास आज्ञा पुन्हा पाठवावी काय, हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न होय. अविश्वसनीय मार्गाने संदेश पाठविणाऱ्या दोन पक्षांना कितीही पोच दिल्या-घेतल्या, तरी परस्परांविषयी पूर्ण खात्री मिळू शकत नाही, हे १९७५ मध्ये मांडले गेले. संगणकशास्त्रात हा ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे संशय पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. तो निरुपद्रवी मात्र करता येतो. त्यासाठी आज्ञा अशी रचावी, की ती दोनदा पाळली गेली तरी परिणाम एकदा पाळल्यासारखाच व्हावा.

समजा, एका धरणाचा दरवाजा दुरून हलविता येतो व त्यास ‘आणखी एक फूट उघड’ अशी आज्ञा दिली. उत्तर आले नाही म्हणून ती तीनदा पाठविली. तिन्ही आज्ञा पोचून केवळ उत्तरेच हरविली असतील, तर दरवाजा तीन फूट उघडेल. ‘दरवाजा तीन फुटांवर ठेव’ या आज्ञेत हा धोका नाही. ती दहा वेळा पोचली, तरी दरवाजा तीन फुटांवरच राहील. पहिली आज्ञा सापेक्ष, तर दुसरी निरपेक्ष होय. कोयना धरणाला सहा वक्राकार दरवाजे आहेत व ते किती फूट उचलले हे पावसाळ्यात वेळोवेळी जाहीर केले जाते. हे पाणी पाटण व कराडवरून सांगलीकडे जाते आणि २०१९ च्या ऑगस्टमधील कृष्णाकाठच्या महापुराचा अनुभव पाहता एका फुटाच्या फरकाचे मोल वेगळे सांगावयास नको.

विद्युत् क्षेत्रात यासाठी दोन पायऱ्यांची रीत रूढ आहे. नियंत्रण कक्षातून प्रथम विशिष्ट खटका निवडला जातो. दूरस्थ यंत्र ‘हाच खटका निवडला आहे’ असे परत कळविते. ते ताडून पाहिल्यावरच अंमलबजावणीची आज्ञा दिली जाते व ठरलेल्या मुदतीत ती न आल्यास निवड आपोआप रद्द होते. त्यानंतरही खटका खरोखर हलला की नाही, हे त्याच्या स्थितीच्या स्वतंत्र संकेतावरून पाहिले जाते. ‘आज्ञा मिळाली’ ही पोच आणि ‘काम झाले’ हा पुरावा एक नव्हेत.

मौन म्हणजे सर्व कुशल, हा समजही तितकाच घातक असतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायओ राज्यातील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारा देणारी आज्ञावली बंद पडली. ती बंद पडल्याचा इशारा मात्र मिळाला नाही. वाहिन्या एकामागून एक तुटत असताना पडदे शांत होते. त्या दिवशी अमेरिका व कॅनडा येथील सु. ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. यासाठी दूरस्थ यंत्राने ठराविक अंतराने ‘मी चालू आहे’ असा संकेत पाठवावा व तो थांबताच इशारा मिळावा, अशी योजना करतात.

कोयना खोऱ्यातील उपयोग : कोयना धरण पाटण तालुक्यात सह्याद्रीच्या पूर्वेस, तर पोफळी येथील भूमिगत वीजघर पश्चिमेस रत्नागिरी जिल्ह्यात आहे. राज्याच्या विजेचा समतोल राखणारे राज्य भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोली येथे आहे. मागणी वाढताच झटपट चालू करता येणारी जनित्रे हे जलविद्युत् केंद्रांचे वैशिष्ट्य असल्याने कोयनेतून शिखर मागणीच्या वेळी वीज घेतली जाते. धरण, वीजघर व भार प्रेषण केंद्र यांतील संदेशवहन त्यामुळे अखंड असावे लागते. कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी यांच्या नोंदी स्वयंचलितपणे पाठविणारी केंद्रेही उभारली गेली आहेत.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात ६·३ महत्तेचा भूकंप झाला. जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांत हा सर्वांत मोठा मानला जातो. या प्रदेशाचे भूकंपीय निरीक्षण चालू आहे. अलीकडे खोल विंधनविवरांतही भूकंपमापके बसविली गेली असून पाटण तालुक्यातील गोठणे येथे सु. ३ किमी. खोलीचे प्रायोगिक विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. या संशोधनासाठी कराडजवळ केंद्र शासनाची प्रयोगशाळा आहे [⟶ भूकंपविज्ञान].

अशा प्रदेशातील दोषनिदानाचा क्रम एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. घाटमाथ्यावरील एका केंद्रातील संगणकास दर तासाला कराडहून आज्ञा जाते : ‘मागील तासाची नोंद आकुंचित करून पाठव व मूळ नोंद पुसून टाक.’ जूनअखेरीस ही आज्ञा फसू लागते. दुपारी केंद्रावर गेलेला तंत्रज्ञ तीच आज्ञा समोर बसून देतो व ती चालते. ‘तेथे चालते, येथून चालत नाही’, असा निष्कर्ष काढला जातो; परंतु नोंदी वेळेनुसार मांडल्यावर अपयश केवळ मध्यरात्रीनंतर येते, असे दिसते. फरक जागेचा नसून वेळेचा आहे. उत्तर नकाराचे नसून मौनाचे आहे, म्हणून दोष पहिल्या तीन टप्प्यांत शोधावयाचा. केंद्रावरील भूकंपनोंदीत खंड नाही. अर्थात तेथील संगणक चालू असून केवळ त्याचा प्रेषक बंद पडतो. विद्युत् घटमालेचा दाब पहाटे उतरलेला आढळतो. ढगाळ हवेमुळे सौर पट्ट्यांकडून पुरेसे भारण होत नाही व अधिक वीज घेणारा प्रेषक प्रथम बंद केला जातो. घटमाला वाढविल्यावर मार्ग सुरळीत होतो. पण आज्ञा आता १२७ हा अंक देऊ लागते. दुरुस्तीच्या वेळी आकुंचनाची आज्ञावली निराळ्या कप्प्यात ठेवली गेली व दुरून आलेल्या आज्ञेच्या शोधमार्गात तो कप्पा नाही. एक दोष दूर होताच त्यामागे दडलेला दुसरा पुढे येणे हा नेहमीचा अनुभव होय. त्यावरून पहिले निदान चुकले असे मानू नये.

या उदाहरणातील सर्वांत मोठा दोष मात्र आज्ञेच्या रचनेतच आहे. पाठविणे व पुसणे एकाच आज्ञेत जोडल्याने मार्ग मध्येच तुटल्यास नोंद कराडला पोचण्यापूर्वीच केंद्रावरून नाहीशी होऊ शकते. भूकंप पुन्हा नोंदविता येत नाही. म्हणून प्रथम केवळ प्रत पाठवावी, दोन्ही प्रतींची पडताळणी-संख्या जुळवावी व त्यानंतरच वेगळ्या आज्ञेने मूळ नोंद पुसावी.

अतिदूरची उदाहरणे : अंतर वाढते तसे हे नियम अधिक कसोटीस लागतात. २१ जुलै २०२३ रोजी पाठविलेल्या आज्ञांमुळे व्हॉयेजर–२ या अवकाशयानाची आकाशक पृथ्वीच्या रोखापासून सु. २ अंशांनी ढळली व संपर्क तुटला. ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथून अतिशय प्रबल संकेताने सुधारित आज्ञा पाठविल्यावर ४ ऑगस्ट रोजी संपर्क पूर्ववत झाला. ती पोचली नसती, तरी ठराविक काळाने आपली दिशा आपणच जुळवून घेण्याची आज्ञा यानात आधीपासून होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर–१ कडून येणारी माहिती अर्थहीन झाली. यानाच्या संगणकातील संपूर्ण स्मृती मागवून निरोगी काळातील प्रतीशी ताडल्यावर स्मृतीची एक चकती निकामी झाल्याचे आढळले. तीवरील आज्ञावली तुकड्यांनी इतरत्र हलविण्यात आली व एप्रिल २०२४ मध्ये यानाची स्थिती पुन्हा कळू लागली. एकतर्फी संदेशास सु. २२·५ तास लागत असताना हे निदान केवळ साध्या आज्ञा, तुलना व संयम यांच्या बळावर झाले.

सुरक्षा : दोष सापडत नाही म्हणून सर्व अधिकार देणे, संरक्षक यंत्रणा बंद करणे किंवा संगणकाची ओळख बदलल्याचा इशारा न वाचता पुढे जाणे, हे घाईचे उपाय मूळ दोषापेक्षा अधिक हानिकारक ठरतात. ओळख बदलण्याचे कारण दुरुस्तीत बदललेले यंत्र असू शकते, तसेच मधेच शिरलेला तोतयाही असू शकतो. दोहोंतील फरक दूरध्वनीसारख्या स्वतंत्र मार्गानेच निश्चित करावा. तपासणीसाठी तात्पुरती दिलेली सवलत नोंदवून ठेवून काम संपताच काढून घ्यावी.

मर्यादा : वीज गेलेली असणे, तार तुटणे, उपकरणात पाणी शिरणे यांवर दूरस्थ आज्ञेने उपाय करता येत नाही; तेथे माणूसच पोचावा लागतो. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून प्राणहानी झाली. अशा दिवसांत केंद्रावर जाणे अशक्य असते. त्यामुळे संपर्क तुटल्यास यंत्राने कोणत्या सुरक्षित स्थितीत रहावे, नोंदी किती दिवस स्वतःजवळ सांभाळाव्यात व दुसरा मार्ग कोणता, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून त्या आज्ञा त्या यंत्रातच ठेवणे हा दूरस्थ नियंत्रणाचा अविभाज्य भाग मानला जातो.